विमानतळ झाला, उद्घाटनही झालं. मग विमान टिकत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या ठिकाणी विमानतळ होतो, पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात. पुढे दोन-तीन वर्षांत सेवा आचके देत बंद पडते. मग नवी कंपनी येते आणि पुन्हा नारळ फुटतो. असं का होतं, आणि आपल्या गावचं विमान टिकवायचं असेल तर नेमकं मागायचं काय?

बंद पडलेल्या मार्गांपैकी धावपट्टीअभावी बंद पडलेले फार थोडे. बाकीचे पडतात ते तिकिटाचा हिशेब, मोठ्या शहरातला स्लॉट (विमान उतरण्या-उडण्याची ठरवून मिळालेली वेळ), खराब हवेत उतरण्याची सोय आणि कंपनीकडे असलेली विमानं या चार गोष्टींमुळे. यातली एकही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून तिची मागणीही कुणी करत नाही.

आधी योजना समजून घेऊ. लहान शहरं स्वस्त विमानसेवेने जोडणारी केंद्राची उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपयांची मर्यादा ठरली. ती सगळ्या तिकिटांना नव्हती. विमानातल्या निम्म्या जागांना, म्हणजे कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४० जागांना होती. या स्वस्त जागांचा तोटा भरून काढायला कंपनीला ३ वर्षं व्हीजीएफ म्हणजे तूटभरपाई मिळते. तिच्यात केंद्राच्या निधीचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के असतो. ईशान्येकडच्या राज्यांना १० टक्केच द्यावे लागतात. केंद्राचा हा निधी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर दर उड्डाणामागे कर बसवून उभा राहतो. म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणारा माणूस जळगावच्या प्रवाशाचं थोडं तिकीट काढत असतो. तीच ३ वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला योजनेतून शिरता येत नाही.

आता ७२ आसनी एटीआर विमानाचा ढोबळ हिशेब मांडू. तासाभराच्या फेरीला साधारण ६५० किलो, म्हणजे सव्वाआठशे लिटर इंधन लागतं. लिटरमागे ९० रुपये धरले तर ७४-७५ हजार रुपये होतात. अशा छोट्या मार्गावर एकूण खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो. म्हणजे एका बाजूच्या फेरीचा खर्च २ लाखांच्या आसपास. विमान ७० टक्के भरलं तर ५० प्रवासी झाले. त्यातल्या ३६ जणांनी अडीच हजारांनी ९० हजार दिले. उरलेल्या १४ जणांकडून १ लाख १० हजार काढायचे म्हटलं तर दरडोई तिकीट होतं ते पावणेआठ-आठ हजारांचं. मुंबई-जळगावला एवढे पैसे कोण मोजणार? हा खड्डा व्हीजीएफ भरते. ३ वर्षांनी भरपाई थांबली की दरमर्यादाही उठते, पण मग सगळ्यांनाच सरासरी चार हजार द्यावे लागतात. तेवढे देणारे ५० लोक रोज मिळाले तर मार्ग टिकला, नाहीतर नाही.

हे काल्पनिक गणित नाही. कॅगचा २०२३ चा उडानवरचा अहवाल हेच सांगतो. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी ३ वर्षं पूर्ण केली. आणि भरपाई संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ते फक्त ५४. दिलेल्या मार्गांच्या मानाने हे प्रमाण ७ टक्के.

मग ५४ टिकले ते कसे? बहुतेक ठिकाणी कारण एकच: रेल्वे आणि रस्त्याच्या मानाने वाचणारा वेळ. बिहारमधलं दरभंगा नोव्हेंबर २०२० मध्ये हवाई दलाच्या तळावर सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून तिथे बोइंग ७३७ उतरलं. तिथला कामगार, विद्यार्थी, नोकरदार दिल्ली-मुंबई-बंगळुरूला जातो. रेल्वेला वीस तासांपासून दीड-दोन दिवस लागतात. तिथे विमान म्हणजे चैन नाही, हातात पडलेली सुट्टीची दोन दिवसांची भर आहे. याउलट सोलापूर बघा. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत साडेसहा तासांत पोहोचवते. विमान हवेत तासभरच असतं; पण घरून निघणं, तासभर आधी हजर होणं आणि मुंबईत उतरल्यावर ट्रॅफिक, हे सगळं धरलं की चार तास सहज जातात. अडीच तासांच्या बचतीसाठी चार हजार देणारे असतात, पण ते मोजके आणि वेळापत्रकाबाबत फार काटेकोर. म्हणून माझं मत असं, की महाराष्ट्रातल्या मधल्या शहरांनी फक्त मुंबई-मुंबई करत बसू नये. सोलापूरहून बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली. नांदेडहून दिल्ली, अमृतसर. जळगावहून गोवा, अहमदाबाद, हैदराबाद. जिथे रेल्वेला रात्र पुरत नाही तिथे विमानाचं पारडं जड होतं. गोंदियाच्या बिरशीला मुंबई नव्हे, हैदराबाद-तिरुपतीचं विमान मिळालं, हे विचार करण्यासारखं आहे.

तरी मुंबई लागतेच, आणि तिथे अडतो तो स्लॉट. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या दिसतात, पण त्या एकमेकींना छेदतात. वापर एका वेळी एकीचाच होतो. तासाला साधारण ४६ उड्डाण-उतरणी, त्यापलीकडे वाव नाही. एटीआर अंतिम टप्प्यात जेटपेक्षा हळू येतं, त्यामुळे मागच्या जेटला जास्त अंतर ठेवावं लागतं. १८६ जागांचं जेट सोडून ७२ जागांच्या विमानाला सकाळी ८ चा स्लॉट कुणी आनंदाने देत नाही. परिणामी छोट्या गावांच्या वाट्याला दुपारचे स्लॉट येतात. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं ते आठवड्यातून ३ दिवस. दुपारी मुंबईत उतरणाऱ्या माणसाचं मंत्रालयातलं काम त्या दिवशी होत नाही; रात्री मुक्काम पडतो, हॉटेलचं बिल तिकिटापेक्षा जास्त होतं. परतीचं विमान परवा. मग तो अंबा एक्सप्रेसच बरी म्हणतो. लोड (भरलेल्या जागा) कमी पडला म्हणून कंपनी फेऱ्या कमी करते, फेऱ्या कमी झाल्या म्हणून लोड आणखी घसरतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर स्लॉटची ही कोंडी थोडी सुटायला हवी. विदर्भ-मराठवाड्याच्या शहरांनी तिकडचे सकाळी ७-८ आणि संध्याकाळी ७ नंतरचे स्लॉट आत्ताच मागायला हवेत. मोठ्या कंपन्यांनी वेळापत्रक भरलं की ते पुन्हा मिळणार नाहीत.

आता हवामान. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

नाइट लँडिंग आलं की विमान रद्द होणार नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. रात्री उतरण्यासाठी धावपट्टीच्या कडेचे दिवे, दोन्ही टोकांचे दिवे, उतरणीचा कोन दाखवणारी ‘पापी’ नावाची दिव्यांची रांग, अ‍ॅप्रनवर (विमान उभं करण्याच्या जागेवर) प्रकाश, आजूबाजूच्या टॉवरवर लाल दिवे आणि वीज गेली तर १५ सेकंदांत भार घेणारा जनरेटर लागतो. हे सगळं बसवलं तरी पहाटेच्या धुक्यात किंवा जुलैच्या ढगात विमान उतरेलच असं नाही. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे यंत्रांच्या आधारे उतरण्याची सोय लागते, आणि तो स्वतंत्र विषय आहे.

विमानतळाचा परवाना फक्त व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून उतरण्याचा असेल, तर ५ किलोमीटर दृश्यमानता आणि १,५०० फुटांच्या वर ढगांचा तळ लागतो. शिवाय सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी दुकान बंद. व्हीओआर (विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ यंत्र) किंवा तत्सम यंत्रणेवर उतरायचं तर दीड-दोन किलोमीटर दृश्यमानता चालते आणि पायलट ४००-५०० फुटांपर्यंत खाली येऊन धावपट्टी शोधू शकतो. दिशा आणि उतरणीचा कोन दोन्ही दाखवणारं पूर्ण आयएलएस असेल तर ५५० मीटर आणि २०० फूट. डिसेंबरमधल्या सकाळी दृश्यमानता ३ किलोमीटर असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. त्या दिवशी व्हीएफआर विमानतळावर विमान येत नाही, शेजारच्या व्हीओआर असलेल्या विमानतळावर मात्र आरामात उतरतं. प्रवासी म्हणतात, ‘ऊन पडलंय की, रद्द कशाला केलं?’ उत्तर या आकड्यांत आहे.

मग सगळीकडे इन्स्ट्रुमेंट अप्रोच का नाही? यंत्राची किंमत हे अर्धंच कारण. खरी अडचण जमिनीची. धावपट्टीभोवती सपाट, अडथळा नसलेली पट्टी लागते. कोड ४ च्या, म्हणजे सर्वांत लांब वर्गातल्या, व्हिज्युअल (डोळ्यांनी बघून उतरण्याच्या) धावपट्टीला तिची एकूण रुंदी १५० मीटर चालते. इन्स्ट्रुमेंटसाठी २८० मीटर लागते. म्हणजे दोन्ही बाजूंना ६५-६५ मीटर जास्त. धावपट्टी १,८०० मीटर असेल तर दोन्ही टोकांचे ६०-६० मीटर धरून पट्टीची लांबी १,९२० मीटर. गुणाकार केला तर २५ हेक्टर, म्हणजे सुमारे ६२ एकर जादा जमीन येते. त्यापुढे दोन्ही टोकांना सुरक्षा क्षेत्र, किमान ९० मीटर आणि शिफारस २४० मीटरची. हे ६२ एकर सुरुवातीला घेतले नाहीत, की पुढे तिथे गोदामं, प्लॉटिंग, कुणाचं तरी मंगल कार्यालय उभं राहतं आणि भाव दहापट होतो. आपल्याकडे टर्मिनलच्या काचेवर जेवढी चर्चा होते तेवढी या पट्टीवर झाली असती तर निम्मी विमानं रद्द झाली नसती, असं म्हणायला हरकत नाही.

पट्टीतही गफलती होतात. मराठवाडा-विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. धावपट्टीखालची माती काढून मुरूम भरतात, पण बाजूच्या पट्टीत हात आखडता घेतात. पावसाळ्यात तिथे विमान घसरलं तर चाक रुततं. निचऱ्याचे चर बुजले की पाणी डांबराच्या कडेला साचतं आणि कड उकलू लागते. तपासणीत हे सापडलं की परवाना अडतो.

कोकणात प्रश्न वेगळा. चिपीचा विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहे, २,५०० मीटरची धावपट्टी आहे, पाण्याचा निचराही होतो. पण पावसाळ्यात समुद्रावरून येणारा ढग सड्याच्या अंगावर बसतो. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. मुंबईची उडान सेवा ३ वर्षं चालली आणि भरपाईची मुदत संपताच २०२४ मध्ये थांबली. मध्ये आणखी एक गोष्ट घडली: जानेवारी २०२३ पासून गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळ, तिथे दिवसभर विमानं, तिकिटात स्पर्धा. दोन विमानतळांचे प्रवासी एकाच परिसरातले असतील तर मोठा विमानतळ लहानाचे प्रवासी ओढून घेतो. हे कुणाचं पाप नाही, पण नियोजनात धरायला हवं होतं.

हवामानावर तुलनेने स्वस्त तोडगा आहे तो गगन. भारताची ही उपग्रहावर आधारित यंत्रणा विमानाला आयएलएससारखी उतरणीची रेषा देते आणि त्यासाठी जमिनीवर महागडं यंत्र लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एटीआर विमान अशा पद्धतीने उतरवून दाखवलं गेलं. अट दोन्हीकडून आहे: त्या धावपट्टीसाठी विमानतळ प्राधिकरणाने प्रक्रिया आखून प्रसिद्ध केलेली हवी आणि येणाऱ्या विमानात तसा रिसीव्हर हवा. धावपट्टीची पट्टी आणि अडथळ्यांचे नियम मात्र गगनने माफ होत नाहीत.

अडथळ्यांचं सर्वांत बोलकं उदाहरण सोलापूरचं. विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर, ४ किलोमीटर त्रिज्येचं एक अदृश्य छत धरतात. त्याच्या वर काही डोकावू नये असा नियम. टोकांच्या बाजूला अप्रोचचा उतार, ५० मीटरला १ मीटर चढणारा. होटगी रस्त्यावरच्या धावपट्टीजवळच्या साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी या हिशेबात बसत नव्हती. कोर्टकचेऱ्या, आंदोलनं, वर्षानुवर्षं वाद. शेवटी १५ जून २०२३ ला ती पाडली गेली. गोव्याचं विमान सुरू झालं ते ९ जून २०२५ ला. मुंबईच्या मार्गासाठी राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून तूटभरपाई द्यायचं ठरवलं. चिमणी उभी राहतानाच परवानगीच्या पातळीवर हा प्रश्न सुटला असता तर एवढं रामायण घडलं नसतं. आज अनेक विमानतळांभोवतीच्या उंचीचे रंगीत नकाशे आहेत. नगरपालिकेने बांधकाम परवानगी देताना ते पाहिलेच पाहिजेत. पाहिले जातात का, हे आपल्या गावात विचारून बघा.

पक्षी आणि कुत्री यांचाही प्रश्न नगरपालिकेचाच. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापणं, सोलणं, कचरा टाकणं विमान नियमांनुसार मना आहे. प्रत्यक्षात कचरा डेपो कुठे आहे ते सर्वांना माहीत असतं. घार इंजिनात गेली की छोट्या कंपनीचं विमान दिवसेंदिवस जमिनीवर.

इथेच चौथं कारण येतं. प्रादेशिक कंपनीकडे चार-पाच विमानं असतात आणि एकच विमान दिवसात सहा-आठ फेऱ्या मारतं. ते काही एसटी नव्हे, की एक गाडी बिघडली तर डेपोतून दुसरी काढली. सकाळी पहिल्या फेरीत बिघाड झाला की संध्याकाळपर्यंतची सगळी गावं रद्द होतात. म्हणून वेळापत्रकात आपलं गाव साखळीत कितवं आहे हे बघावं. शेवटच्या फेरीचं गाव सर्वाधिक मार खातं, त्यात तिथे रात्रीची सोय नसेल तर विचारायलाच नको: दीड तास उशीर झाला की सूर्यास्त आणि फेरी रद्द. जळगावने डिसेंबर २०१७ पासून एकामागून एक कंपन्या पाहिल्या. सुरुवातीची एअर डेक्कन २०२० मध्ये मिटली, नंतरची ट्रूजेटही टिकली नाही. विमानतळ तोच होता.

अग्निशमनाचं गणितही कंपनीच्या निवडीला बांधतं. एटीआर ७२ साठी श्रेणी ५ पुरते: एक गाडी, ५,४०० लिटर पाणी. एअरबस ए३२० ला श्रेणी ६: दोन गाड्या, ७,९०० लिटर, त्याप्रमाणे माणसं. गाडी धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला ३ मिनिटांच्या आत पोहोचली पाहिजे. म्हणून ‘आता मोठं विमान आणा’ म्हणताना फक्त धावपट्टी लांबवून भागत नाही. फायर स्टेशन, डांबराची ताकद, अ‍ॅप्रन आणि टर्मिनलची क्षमता सगळं वाढवावं लागतं. १८० माणसं एकदम आली की दोन एक्स-रे यंत्रं पुरत नाहीत.

इंधनाच्या खर्चातली एक गळती जवळजवळ कुणाच्या लक्षात येत नाही. उडान विमानतळांवर राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्का किंवा कमी ठेवायचा असतो. मुंबईत २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर तो १८ टक्के आहे. पण गावच्या विमानतळावर इंधनाचा टँकरच नसेल तर कंपनी दोन्ही बाजूंचं इंधन मुंबईतच भरते. सवलत कागदावर राहते, वर ते जादा वजन वाहून नेण्यात आणखी इंधन जळतं. दोन छोटे टँकर आणि दोन पाळ्यांची माणसं एवढ्याने हे सुटतं.

मग मागायचं काय? व्यापारी संघटना, वकील संघ, डॉक्टर मंडळी निवेदन देतात त्यात ‘विमानसेवा पूर्ववत सुरू करा’ एवढंच असतं. त्याऐवजी हवामान खात्याकडून मागच्या ३ वर्षांची त्या विमानतळाची तासवार दृश्यमानता घ्या आणि महिनावार मांडा: सकाळी ७ ते ९ मध्ये किती दिवस ५ किलोमीटरच्या खाली होती? हा एक तक्ता दहा भाषणांपेक्षा जड. त्यावर प्राधिकरणाला गगन अप्रोच विचारा, राज्याला ६२ एकरांचं भूसंपादन विचारा. एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) कामाच्या वेळा विमानाच्या वेळेपुढे किमान दोन तास हव्यात, म्हणजे उशिरा आलेलं विमान परत फिरणार नाही. कंपनीशी बोलताना जागांची हमी द्या. कारखाने, हॉस्पिटलं, कॉलेजं मिळून रोज १०-१२ जागा वर्षभरासाठी आगाऊ घेत असतील तर कंपनी ऐकते. आणि विमान उतरल्यानंतर २० मिनिटांनी सुटणारी बस मागा. चिपीहून कुडाळ स्टेशनला जायला रिक्षा शोधत बसावं लागलं, तर पुढच्या वेळी माणूस कोकणकन्या पकडतो.

हे सगळं वेळेत करायला हवं. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. स्लॉटची मागणी त्याच्या बरेच महिने आधी जाते. उन्हाळी वेळापत्रकात सकाळची वेळ हवी असेल तर निवेदन, दृश्यमानतेचा तक्ता आणि जागांच्या हमीची पत्रं दिवाळीआधी कंपनीच्या नेटवर्क नियोजन विभागात पोहोचलेली हवीत. फेब्रुवारीत खासदारांना भेटून उपयोग नाही. तोवर मुंबईची सकाळ वाटून झालेली असते.